स्मृतिदिन आणि प्राणिदिन एकाच तारखेला आले तर शाळेने काय करावे?

सोलापूरजवळच्या एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन असतो आणि त्याच दिवशी जागतिक चिमणी दिनही असतो. मुख्याध्यापकांनी दोन्ही मिळून अर्ध्या तासाचा एकच कार्यक्रम घेण्यास सांगितले आहे आणि दोन्हींत पाण्याचा विषय येतोच, तेव्हा 'पाणी सर्वांचे' असे शीर्षक द्यावे, असेही सुचवले आहे. हे योग्य होईल का, आणि वर्षभर अशा तारखा येतच राहतात तर त्यांचे नियोजन कसे करावे, असे आपण विचारले आहे.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत २९ वर्षे इतिहास शिकवला. त्यांतील बरीच वर्षे जयंती-पुण्यतिथींचे नियोजन आणि हरित सेना या दोन्ही जबाबदाऱ्या माझ्याकडेच होत्या. त्यामुळे दिनविशेषाच्या फलकावर या दोन गोष्टी एकमेकींसमोर आल्या की मार्ग मलाच काढावा लागे. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : दोन्ही कार्यक्रम त्याच दिवशी घ्यायला काहीच हरकत नाही, मात्र एकत्र घेऊ नका आणि ते शीर्षक तर मुळीच देऊ नका. याची कारणे जरा विस्ताराने सांगतो.

तारीख एक असणे ही माझ्या मते खरी अडचण नाही. परिपाठाच्या वेळी मुलांचे लक्ष वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे टिकत नाही आणि तेवढ्या वेळात दोन अगदी निराळ्या स्वभावाच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचवायच्या असतात, ही खरी अडचण आहे. स्मृतिदिन माणसांशी काय घडले ते ऐकायला लावतो, आणि त्यासाठी शांतता लागते. प्राण्यांचा दिवस काहीतरी करायला लावतो, आणि त्यासाठी हात, पाणी, माती आणि थोडा गोंधळही लागतो. दोन्हींना एकाच भाषणात बसवले की मुले धड ऐकत नाहीत आणि धड काही करतही नाहीत. फोटो तेवढे चांगले येतात आणि अहवाल पूर्ण होतो.

अशी जोडी समोर आली की मी स्वतःला पहिला प्रश्न हा विचारत असे, की या दोन्हींचा संबंध कारणाचा आहे की योगायोगाचा. काही प्राणिदिनांच्या तारखा मुळातच एखाद्या माणसाच्या आठवणीसाठी निवडलेल्या असतात. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला येतो, कारण लुई पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या आजारांचा दिवस ६ जुलैला पाळतात, कारण ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली. जागतिक मधमाशी दिनाची २० मे ही तारीख स्लोव्हेनियातील अठराव्या शतकातील मधुपालक आंतोन यान्शा यांच्या स्मरणार्थ ठरली. अशा ठिकाणी इतिहास आणि प्राणी वेगळे काढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण माणसाची गोष्ट सांगता सांगताच आपण प्राण्यापाशी पोहोचतो.

रेबीजचा दिवस मी दरवर्षी अगदी आग्रहाने घेत असे, कारण आपल्याकडच्या मुलांचा भटक्या कुत्र्यांशी रोजचा संबंध असतो. आधी माइस्टरची गोष्ट सांगायची, मग एका मुलाला व्हरांड्याच्या कडेला बसवायचे, त्याच्या पोटरीवर खडूने चाव्याची खूण करायची आणि दुसऱ्याने तांब्याने पाण्याची धार सोडत साबणाने ती जागा धुवायची. बाकीचा वर्ग घड्याळाकडे पाहत असे. दोन मिनिटे झाली की मुले म्हणत, "झालं, सर." जखम १५ मिनिटे धुवायची असते. पाचव्या मिनिटाला बादली रिकामी होई, कोणीतरी दुसरी भरून आणी, आणि १५ मिनिटे म्हणजे केवढा वेळ असतो ते पोरांना तेव्हा कुठे कळे. त्यानंतर मी एवढेच सांगत असे की जखमेवर हळद, चुना, मिरची काहीही लावायचे नाही, घरी लपवायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या दिवशी निराळ्या भाषणाची गरज मला कधी वाटली नाही.

आपल्या सोलापूरला तर कारणाने जुळलेली अशी एक जोडी घरचीच लाभली आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि शेवट सालिम अली यांच्या जन्मदिनी होतो. चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरातच झाला, वनखात्यातील नोकरीनिमित्त त्यांचे आयुष्य विदर्भाच्या जंगलांत गेले, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी शेवटचा श्वासही सोलापुरातच घेतला. या सप्ताहात मुलांना हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या माळावर नेता आले तर जयंती आणि पक्षी हे वेगवेगळे विषय राहत नाहीत. बरेचदा हा सप्ताह दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आगेमागे येतो, तेव्हा सुट्टीपूर्वी सहल काढावी. त्याने काहीही बिघडत नाही.

दुसऱ्या प्रकारात निव्वळ योगायोग असतो. ८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय मांजर दिन असतो, आणि १९४२ साली त्याच तारखेला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. या दोन्हींमध्ये कसलाही दुवा नाही आणि तो शोधूही नये. २० मार्चही याच प्रकारातला आहे. महाडची परिषद १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरली होती. चिमणी दिन २०१० पासून सुरू झाला आणि त्यासाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी पुढाकार घेतला. एका महाराष्ट्रीय माणसाच्या धडपडीतून जगभर पोहोचलेला हा दिवस आहे, याचा मला अभिमान वाटतो. मात्र महाडशी त्याचा संबंध जोडणे वेगळे, आणि त्यात घात कसा होतो हे मी स्वतः अनुभवले आहे.

आमच्या शाळेत चिमणी दिन सुरू केला त्याच्या दुसऱ्याच वर्षी मीही नेमका आपल्या मुख्याध्यापकांसारखाच विचार केला होता. फलकावर रंगीत खडूंनी निळे तळे काढले, काठावर चिमण्या काढल्या आणि खाली लिहिले, 'तळ्याचे पाणी सर्वांचे, माणसांचे आणि पाखरांचेही'. मला ते फार सुचल्यासारखे वाटले होते. मुलाला सोडायला आलेले एक पालक फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. ते गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगाराचे चिरंजीव होते आणि स्वतः टेलरिंगचे दुकान चालवत. आवाज न चढवता ते मला म्हणाले, "सर, त्या तळ्यावर गुराढोरांना, पाखरांना बंदी नव्हतीच. बंदी आम्हाला होती." एवढे बोलून ते निघून गेले. मी डस्टर घेतले आणि फलक पुसला. निळा खडू नीट निघाला नाही, ओल्या फडक्याने पुन्हा पुसावा लागला.

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, इतर धर्मांचे लोकही पाणी भरत, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र तिथे मज्जाव होता. हाच त्या सत्याग्रहाचा गाभा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, महाड नगरपालिकेनेही त्यानुसार तळे खुले केल्याचे ठरवले होते, पण तो हक्क कागदावरच राहिला होता. तो वापरण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, आणि न्यायालयातील लढ्याचा निकाल लागायला १९३७ उजाडले. माणसाला जिथे जनावराइतकाही मान नव्हता, त्या घटनेच्या स्मरणात आपण चिमणीला माणसाशेजारी नेऊन बसवले, तर आपला हेतू कितीही चांगला असो, ज्याच्या घरी ही आठवण जिवंत आहे त्याला आपण पुन्हा तिथेच नेऊन उभे करतो. म्हणून 'पाणी सर्वांचे' हे शीर्षक नको, असे मी म्हणतो. वाक्य चुकीचे नाही, पण त्या दिवशी ते उच्चारण्याची जागा चुकीची आहे.

दुसरा प्रश्न मी स्वतःला असा विचारत असे, की दोहोंपैकी हलवता येण्याजोगे काय आहे? स्मृतिदिन हलवता येत नाही. ती घटना त्याच दिवशी घडलेली असते आणि गावाने, घराघरांनी ती तारीख मनात धरलेली असते. जनजागृतीचा दिवस मात्र कोणीतरी सोयीने ठरवलेला असतो. चिमणीला २० मार्च ठाऊक नाही, तिला ऊन ठाऊक आहे. तेव्हा प्राण्यांसाठी काही करायचे असेल तर त्या प्राण्याची आपल्याकडची गरज कधी असते ते पाहावे आणि कार्यक्रम निःसंकोच पुढे-मागे करावा.

हे मी शिकलो ते १२ जानेवारीमुळे. ही तारीख इतरत्र जिजाऊ जयंती आणि स्वामी विवेकानंद जयंती म्हणून साजरी होते, पण सोलापुरात तिला आणखी एक वजन आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि त्या काळातील घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याच सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा येते, गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची तयारी चालू असते, जनावरांच्या बाजारात खिल्लार बैल येतात. सारे शहर एका वेगळ्याच हवेत असते.

आमच्या शाळेत शहराच्या कडेच्या वस्त्यांतील मुले येत, आणि त्यांच्या घरी शेळ्या-म्हशी असत. जानेवारीच्या उत्तरार्धात प्राणी कल्याण पंधरवडा असतो, म्हणून आम्ही पशुवैद्यकीय शिबिर घ्यायचे ठरवले. पाहुण्यांना १२ तारीख सोयीची होती आणि मी ती मान्य केली. सकाळी अकराला डॉक्टर येणार म्हणून हुतात्म्यांचा कार्यक्रम सात मिनिटांत आटोपला. चार नावे, चार हार, एक मिनिट स्तब्धता, तीही मैदानात बांधलेल्या शेळ्यांच्या ओरडण्यात. दुसरीकडे शिबिराला जनावरेही मोजकीच आली, कारण ज्या घरांत बैल होते त्या घरांतील कर्ती माणसे यात्रेच्या धांदलीत आणि बाजारात होती. दोन्ही कार्यक्रम फसले. पुढच्या वर्षी शिबिर यात्रा आटोपल्यानंतर घेतले. तारीख ठरवताना पालकांना विचारले, आठवडी बाजाराचा वार टाळला, आणि वेळ सकाळी आठची ठेवली, कारण दूध काढून झाल्यावर आणि जनावरे चरायला सोडण्यापूर्वीच ती हाताशी असतात. त्या दिवशी जंतनाशकाच्या गोळ्या अपुऱ्या पडल्या. आणि १२ जानेवारीला आम्ही मोठ्या मुलांना घेऊन चार हुतात्मा पुतळ्यांपर्यंत पायी गेलो. चौघांची नावे त्यांनी स्वतः मोठ्याने वाचली. त्यानंतर शाळेत वेगळे भाषण ठेवायचे कारण उरले नाही.

काही प्राणिदिन मुळातच तारखेला नव्हे, तर वाराला बांधलेले असतात. स्थलांतरित पक्ष्यांचा दिवस मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो, खवले मांजराचा फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी. त्यामुळे हे योग दरवर्षी बदलतात. २०२६ मध्ये १० ऑक्टोबरला दुसरा शनिवार आहे, आणि १० ऑक्टोबर हा सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्मदिन आहे. २०२८ मध्ये खवले मांजराचा दिवस थेट १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीलाच येतो. वर्षाच्या सुरुवातीला दिनदर्शिका समोर घेऊन असे दिवस पेन्सिलीने खुणावून ठेवावेत. शिवजयंतीच्या दिवशी खवले मांजराकडे कोणाचे लक्ष जाणार नाही आणि जाऊही नये. त्या बिचाऱ्या प्राण्याची तस्करी कशी होते हे पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला सांगितले तर मुलांच्या अधिक लक्षात राहील. तिथीने येणारे सण तर आणखी निराळे. नागपंचमी, पोळा, वसुबारस आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कारहुणवी (तिकडचा बैलांचा सण) हे आपले जुने प्राणिदिनच आहेत, आणि सापाविषयी किंवा बैलाविषयी बोलायला त्यांच्याइतका चांगला मुहूर्त कोणत्याही आंतरराष्ट्रीय दिनाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवे. परिपत्रकात एखादा दिवस त्याच तारखेला साजरा करण्याचा आदेश असेल तर तो पाळावा लागतो. तिथे माझा 'पुढे-मागे करा' हा सल्ला चालणार नाही, मात्र वेळा वेगळ्या ठेवणे आपल्या हाती असते. शाळा द्विशिक्षकी असेल तर एकाच माणसाला सगळे करावे लागते. तेव्हा प्राणिदिन थेट दुसऱ्या दिवशी घ्या, उगीच ओढाताण करू नका. आपल्या गावात आंबेडकर जयंतीची समिती असेल तर २० मार्चच्या कार्यक्रमासाठी त्यांच्यापैकी एखाद्या वयस्कर व्यक्तीला आधी भेटा. त्यांनी 'चिमण्यांचे त्या दिवशी नकोच' असे सांगितले तर ते ऐका. मी शहरातील मोठ्या शाळेत होतो, माझ्या हाताशी माणसे होती, हे ध्यानात घेऊन माझ्या सल्ल्यातले आपल्याला पेलेल तेवढेच घ्या.

मी आपल्या जागी असतो तर २० मार्च असा घेतला असता. सकाळचा परिपाठ संपूर्णपणे महाडचा ठेवावा. प्रतिमापूजन झाल्यावर चौथीतील एखाद्या मुलीने किंवा मुलाने गोष्ट सांगावी, आपण मध्ये बोलू नये. ठराव झाला होता, तरी पाणी मिळत नव्हते, म्हणून लोक चालत गेले, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले. त्या दिवशीच्या फलकावर दुसरे काही लिहू नये. मधली सुट्टी होऊ द्यावी. शेवटच्या तासाला, वेगळ्या जागी, शक्यतो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चिमण्यांचे काम काढावे, आणि दोन्हींना जोडणारे एकही वाक्य बोलू नये. मुलांच्या मनात काही जुळायचे असेल तर ते त्यांचे त्यांना जुळवू द्यावे.

मुख्याध्यापकांना हे कसे पटवावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्यांना सांगा की अहवालात दोन स्वतंत्र कार्यक्रमांची नोंद होईल, फोटोही दोन होतील आणि वेळ तेवढाच लागेल. वरच्या प्रसंगातील पालकांचे शब्दही सांगायला हरकत नाही. माझ्या चुकीचा दाखला कोणाच्या उपयोगी पडत असेल तर मला त्यात समाधानच आहे.

चिमण्यांच्या कामाबद्दल थोडे सांगतो, कारण तिथेही घाईने चुका होतात. सोलापूरचे ऊन मार्चमध्येच तापू लागते, त्यामुळे ही तारीख आपल्याकडे खरोखर उपयोगाची आहे. कुंभाराकडून मातीचे पसरट परळ आणावे. प्लास्टिकचे भांडे नको, ते तापते. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नसावे, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा म्हणजे पाखराला उभे राहता येते. परळ सावलीत आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावे, रोज पाणी बदलावे आणि दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासावे. दाणे टाकणे मुलांना आवडते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या-किडेच लागतात, म्हणून कुंपणाजवळ गवताची एखादी पट्टी न कापता ठेवली तर दाण्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. खोके टांगणार असाल तर त्याचे भोक साधारण ३२ मिलिमीटरचे असावे, त्याहून मोठे झाले की इतर पक्षी आत शिरतात. दुपारचे ऊन खोक्यावर येणार नाही हे नक्की पाहावे, नाहीतर पिल्ले आतच होरपळतात.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी ठरवून टाका, की मेमध्ये सुट्टी लागल्यावर पाणी कोण घालणार? पाखरांना पाण्याची सवय लावून आपण सुट्टीवर निघून जातो, असे माझ्याकडून एकदा घडले आहे. शाळेला लागून घर असलेल्या दोन मुलांची नावे आणि त्यांचे वार एका कागदावर लिहून तो त्यांच्या आईच्या हाती द्या. मुलांच्या हाती दिलेला कागद हरवतो. आपल्या शाळेचा व्हरांडा कोणत्या दिशेला आहे आणि आवारात कोणती झाडे आहेत ते कळवलेत, तर परळ आणि खोकी नेमकी कुठे लावावीत ते मी सांगू शकेन.